फौजदारी कायद्याचे अध्ययन आपण का करावे?

(धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या अभ्यासवर्गात एका वकील बंधूंनी केलेले भाषण.)



मुलांना शिकवा, हे सांगण्यासाठी आपण मला येथे बोलाविले नसेल. ते आता आपल्या वस्तीत कोणी कोणास सांगावयास नको. पोटाला चिमटा घेऊन मुलगी शिकविणाऱ्या माता या सभेत बसल्या आहेत, त्यांना मी काय उपदेश करावा? परंतु एक अनुभव मी सांगतो. पुष्कळ पालक मजकडे येतात आणि विचारतात, 'मुलाला कायद्याच्या शिक्षणास पाठवावे काय?' मी होय म्हटले की लगेच म्हणतात, 'पण फौजदारी नको हो. चोरदरोडेखोरांचे ते काम. जमिनीचे, कंपनीचे, नोकरीचे काय ते शिकू द्या.' आज मी या नाकारलेल्या फौजदारी कायद्याचे वकीलपत्र घेऊन आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो, कारण माझे सारे म्हणणे तिच्यातून निघाले आहे.

मी नुकतीच सनद घेतली होती आणि एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करीत होतो. तालुक्यातील एका गावी सार्वजनिक नळावर आपल्यापैकी एका वयस्क बाईंना जातीवरून घाणेरड्या शिव्या देण्यात आल्या आणि मध्ये पडलेल्या त्यांच्या मुलास मारहाण झाली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. तिसऱ्या दिवशी फिर्यादीची नक्कल घेऊन मायलेक मजकडे आले. मी ती वाचली, योग्य ते कलम लागले आहे असे पाहिले आणि मोठ्या ऐटीने सांगितले, 'आजी, काळजी करू नका. कायदा आपल्या बाजूने आहे.'

चार वर्षांनी खटला उभा राहिला. मूळ फिर्यादीतर्फे सरकारी वकिलांस साहाय्य करण्यासाठी मी न्यायालयात बसलो होतो. आरोपीच्या वकिलांनी उलटतपासणीत फार काही केले नाही. त्यांनी केवळ कागद दाखविले. फिर्यादीत 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढेच लिहिले होते. कोणते शब्द, कोणत्या ठिकाणी, कोणाच्या देखत, यांपैकी काही नव्हते. कुटुंबाने जात विचारल्यावर 'आम्ही बौद्ध' असे सांगितले होते, ते तसेच लिहिले गेले आणि जातीचे प्रमाणपत्र तपासाच्या कागदांत कधी आलेच नाही. नियमाप्रमाणे तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो. येथे तो फौजदाराने केला होता. आरोपी सुटले. न्यायालयाच्या पायरीवर त्या आजीने मला विचारले, 'बाळा, कायदा आपल्या बाजूनं हाय म्हणलं होतास. मग आपण हरलो कसं?'

त्या प्रश्नाचे उत्तर मजपाशी होते, परंतु ते देण्याचे धैर्य नव्हते. उत्तर असे होते की, तिसऱ्या दिवशी ती फिर्याद माझ्या हातात होती. पुरवणी जबाब घेण्यासाठी अर्ज देता आला असता. प्रमाणपत्र तपासात दाखल करता आले असते. तपासाच्या अधिकाऱ्याविषयी पोलीस अधीक्षकांकडे त्याच आठवड्यात तक्रार करता आली असती. मी यांपैकी काही केले नाही. माझ्या अज्ञानाची किंमत त्या बाईंनी मोजली. आणि मी काही नापास विद्यार्थी नव्हतो! दंडसंहितेचा पेपर मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो होतो. खून आणि सदोष मनुष्यवध यांतील भेद मला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. परंतु फौजदारी प्रक्रियेचा विषय मी परीक्षेपुरता घोकला होता. कायदा म्हणजे शिक्षेची यादी, अशी माझी समजूत होती. न्याय पुष्कळदा त्या यादीत हरत नाही, तो पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंतच्या वाटेवर हरतो, हे मी त्या पायरीवर शिकलो.

म्हणून कायद्याच्या महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलास व मुलीस माझे सांगणे आहे की, फौजदारी कायद्याचे तीन भाग तीन भाकऱ्यांप्रमाणे सारख्याच भुकेने खा. पहिला भाग, गुन्हा कोणता. दुसरा, त्याची वाट कोणती. तिसरा, तो सिद्ध कशाने होतो. हे तीन भाग आज नव्या नावांनी शिकविले जातात. १८६० ची भारतीय दंडसंहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा यांच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे आले आहेत. त्यांची कलमे अनुक्रमे ३५८, ५३१ आणि १७० आहेत. त्या दिवसापूर्वी घडलेल्या गुन्ह्यास जुनीच दंडसंहिता लागते. यास्तव आजच्या विद्यार्थ्यास जुने व नवे दोन्ही आकडे माहीत असावे लागतात. आकड्यांची ही अदलाबदल कंटाळवाणी वाटेल, परंतु जो कंटाळतो त्याच्या अशिलाचे नुकसान होते.

त्या आजीची फिर्याद आज लिहावयाची असती, तर शिकलेल्या मुलीने काय पाहिले असते, ते सांगतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितले आहे. नव्या संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी खबर घ्यावी लागते आणि तिची नक्कल विनामूल्य द्यावी लागते. ठाण्यात नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी धाव घेता येते, आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ४ तर असे सांगते की, तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून झाल्यावर ती फिर्यादीस वाचून दाखविली पाहिजे आणि मगच सही घेतली पाहिजे. तपास करून दोषारोपपत्र साठ दिवसांत दाखल केले पाहिजे. आणि जो लोकसेवक हे कर्तव्य जाणूनबुजून टाळील तो स्वतः शिक्षेस पात्र होऊ शकतो. 'वाचून दाखवा' हे दोन शब्द त्या आजीला माहीत असते, तर चार वर्षे वाया गेली नसती. सही करण्यापूर्वी हे दोन शब्द उच्चारण्यास आपल्या प्रत्येक घराने आजच शिकावे. त्यासाठी पदवी लागत नाही.

आता नवदीक्षित कुटुंबांच्या मनातील एका गाठीविषयी बोलतो. अनेकजण मला विचारतात, 'आम्ही जात टाकून धम्मात आलो. मग ठाण्यात आणि कचेरीत पुन्हा त्या जातीचे नाव का सांगावे? तो आमच्या दीक्षेचा अपमान नव्हे काय?' ही वेदना मी समजतो, कारण ती माझ्याही घरातील आहे. तथापि कायदा काय म्हणतो ते शांत चित्ताने ऐकावे. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ साली त्यात शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. म्हणजे १९५६ च्या दीक्षेनंतर चौतीस वर्षे या मान्यतेसाठी आपल्या लोकांना झगडावे लागले. आज अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या मनुष्यास अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे. परंतु न्यायालयापुढे तो अनुसूचित जातीचा आहे हे कागदाने सिद्ध व्हावे लागते. आपल्या मनातून जात गेली. शिवी देणाऱ्याच्या मनातून ती गेलेली नाही. प्रमाणपत्र हे त्याच्या मनातील रोगाचा दाखला आहे, असे समजून ते जपून ठेवावे. धर्म बौद्ध आणि मूळ अनुसूचित जात, ही दोन्ही फिर्यादीत स्पष्ट लिहून घ्यावीत. त्यात दीक्षेचा भंग होत नाही.

येथवर मी कायदा जसा आहे तसा सांगितला. परंतु कायद्याचे महाविद्यालय आणखी एक गोष्ट शिकवू शकते, आणि ती म्हणजे कायदा कसा असावा याचा विचार. यालाच न्यायविषयक धोरण म्हणतात. हा विषय पंडितांचा आहे असे समजून आपण दूर राहिलो, तर आपल्याविषयीचे धोरण दुसरेच लोक ठरवितील.

एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील घ्या. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे, एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले; मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, असे कारण त्यात होते. तो निकाल वाचून उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले. ठाण्याच्या चार भिंतींत पोलिसांपुढे उभ्या असलेल्या गरीब मुलीचे गप्प राहणे ही संमती कशी, असा त्यांचा सवाल होता. निकाल बदलला नाही. परंतु देशभर स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ साली संसदेने कायदा बदलला. कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, असे कलम पुरावा कायद्यात आले. हे काम वर्गात निकालपत्र नीट वाचणाऱ्या माणसांनी सुरू केले, हे विसरू नये.

दुसरे उदाहरण आपल्या काळजावरचे आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे आपल्या एका कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली विशेष न्यायालयाने आठजणांना खुनाबद्दल दोषी ठरविले, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप सिद्ध मानला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली आणि तेथेही हा कायदा लागला नाही. त्या वेळी कायद्यातील शब्द असे होते की, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गंभीर गुन्हा घडला असला पाहिजे. मारेकऱ्याच्या मनातील कारण कागदावर कसे दाखवावे? २०१५ च्या दुरुस्तीने ते शब्द बदलले. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे आरोपीस ठाऊक असणे आता पुरेसे आहे. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. दोन-चार शब्दांचा हा फरक आहे. परंतु अशा दोन-चार शब्दांत माणसांच्या पिढ्यांचे भवितव्य बसलेले असते, आणि ते शब्द वाचणारी आपली माणसे कायद्याच्या महाविद्यालयातूनच निघावयाची आहेत.

तिसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखाली गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशी आणि अटकेपूर्वी पूर्वपरवानगी यांसंबंधी निर्देश दिले. २ एप्रिलला भारत बंद झाला. संसदेने त्याच वर्षी कलम १८-अ घालून चौकशीची व परवानगीची ती अट दूर केली. २०१९ साली न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले आणि २०२० साली ते नवे कलम वैध ठरविले. रस्त्यावरील लोकांनी प्रश्न उभा केला हे खरे. परंतु कलमाचा मसुदा, पुनर्विचाराचा अर्ज आणि न्यायालयातील युक्तिवाद या गोष्टी घोषणांनी होत नाहीत. त्या अभ्यासाने होतात. दोन्ही हात पाहिजेत.

आता मी थोडी अप्रिय गोष्ट बोलणार आहे. फौजदारी कायदा शिकणाऱ्या आपल्या मुलास केव्हा तरी आरोपीच्या बाजूने उभे राहावे लागेल. 'आपल्या मुलाने गुन्हेगारास का सोडवावे?' असे आपण विचाराल. प्रथम तुरुंगात कोण आहे ते पाहा. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतील ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही अशी माणसे. चारांतील तीन! जामिनासाठी पैसा नाही, वकील नाही, कोणी विचारणारा नाही, अशी गरिबांची मुले त्यांत आहेत. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या आणि १९५२ साली त्या शिक्क्यातून मुक्त झाल्या. तरी त्यांच्या पोरांकडे संशयाने पाहण्याची सवय अजून सुटलेली नाही. तुरुंगातील झाडलोट कोणी करावी आणि स्वयंपाक कोणी करावा, हे जातीवरून ठरविणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता या पत्रकार भगिनीच्या याचिकेवर रद्द केले. राज्यघटना अमलात येऊन चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती!

म्हणून गुन्हा सिद्ध होईपर्यंत मनुष्य निर्दोष, हे तत्त्व आपल्याला परके वाटता कामा नये. आपल्यावर हल्ला करणाऱ्या माणसाच्या खटल्यातही ते तत्त्व लागू असते, आणि ते मान्य करूनच आपण पुरावा भक्कम करावा. बाबासाहेबांचे वकिली जीवन पाहा. १९२२ साली ते ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेवरून पुण्यात खटला चालला, तेव्हा त्यांनी ब्राह्मणेतर चळवळीतील आरोपींचा बचाव केला आणि ते सुटले. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या खटल्यात त्यांनी र. धों. कर्वे यांची बाजू मांडली आणि तो खटला हरले. न्यायालयात लोकप्रिय नसलेल्या माणसाच्या शेजारी उभे राहणे हे वकिलाचे काम आहे, हे त्यांनी दाखविले. पुढे १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आपला मुलगा वा मुलगी कायद्याच्या वर्गात बसते, तेव्हा ती अशा गुरुजनांच्या परंपरेत बसते.

शेवटी पालकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, असे दोन अभ्यासक्रम आहेत. प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा द्यावी लागते. पुस्तके इंग्रजीत पुष्कळ आहेत म्हणून घाबरू नये. तालुक्याच्या न्यायालयाचे काम मराठीत चालते आणि आपल्या माणसाचा जबाब तर मराठीतच असतो. तो जबाब ज्याला बारकाईने वाचता येतो, त्याचे अर्धे काम झाले. मुलांना सांगा, सुट्टीत महिनाभर तालुक्याच्या न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा. साक्षीदार फितूर कसा होतो, तारीख पुढे का जाते, पंचनाम्यातील एक चुकलेली वेळ खटला कशी पाडते, हे डोळ्यांनी पाहा. मुलींना आवर्जून पाठवा. ठाण्यात गेलेली बाई आपले दुःख बाईपाशी जितके मोकळेपणाने सांगते, तितके ती माझ्यासारख्यास सांगत नाही.

आणि ज्या घरात वकील नाही, त्यांनीही निराधार समजू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री आणि कोठडीतील मनुष्य यांना उत्पन्नाची अट न पाहता विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. त्याची कचेरी तालुक्याच्या न्यायालयातच असते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५-अ प्रमाणे आरोपीच्या जामिनाच्या अर्जाची सूचना पीडितास मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे बंधनकारक असल्याचे सांगितले आहे. साक्षीस येण्याजाण्याचा खर्चही मागता येतो. हे सर्व मागावे लागते. न मागता कोणी देत नाही.

ती आजी आता हयात नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी तिला देऊ शकलो नाही, म्हणून ते आज आपल्यापुढे देतो. आजी, कायदा आपल्या बाजूने होता, परंतु त्याची वाट जाणणारे आपल्या बाजूने कोणी नव्हते. जो होता, तो परीक्षेपुरते शिकला होता. पुढच्या वेळी असे होऊ नये, यासाठी प्रत्येक वस्तीतून एक मुलगा वा एक मुलगी हे शास्त्र मनापासून शिकेल, एवढे आश्वासन घेऊन मी येथून जाऊ इच्छितो. ज्यांना ते देता येईल त्यांनी सभा संपल्यावर मजकडे मुलांना घेऊन यावे. पुस्तकांची सोय मी करीन आणि फिर्याद कशी वाचावी हे रविवारी सकाळी माझ्या घरी बसवून शिकवीन.

जय भीम.